डाव्या कानाखालचा खटका

चौकात पोलीस दिसला की घाईघाईने डोक्यावर चढतं आणि चौक मागे पडला की पुन्हा हँडलला लटकतं, ते हेल्मेट वेगळं. त्या बिचाऱ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण मी त्यातला नाही. मी सिनेमातला. अंतराळात फिरणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा. दोन सिनेमांत काम केलंय आणि दोन्हींत माझ्यावाचून नायिकेचं पान हललेलं नाही. जरा बढाई वाटेल, वाटू दे.

आज माझी काच फुटलेली आहे आणि मी कारखान्यातल्या वरच्या फळीवर बसून आहे. कुणी विचारलं की सांगतात, पडलं आणि फुटलं. मी पडलो नाही. मला फोडलं, आणि जिने फोडलं तिनेच मला घडवलं होतं. हे कसं झालं ते एकदा कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचंय.

माझा जन्म याच कारखान्यात, म्हणजे स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत झाला. खाली ग्रीसचा वास, वर फायबर आणि रसायनाचा. घडवणारी बाई पन्नाशीची, बोटं कायम पांढऱ्या भुकटीने माखलेली. सिनेमावाले सगळे तिला मावशी म्हणायचे. खरी मावशी ती एकीचीच, तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीची. पण ती मुलगी सेटवर 'मावशी, मावशी' करायची, तर हळूहळू लाइटवाल्यांपासून दिग्दर्शकापर्यंत सगळ्यांची ती मावशी झाली.

ती मुलगी म्हणजे बारकी. अंगाने काडी, म्हणून बारकी. पहिल्या सिनेमात ती नायिकेची डुप्लिकेट होती. उडी मारायची बारकीने, दोरीला उलटं लटकायचं बारकीने, आणि मग जवळचा शॉट आला की नायिका खुर्चीवरून उठायची. माझा साचा घ्यायच्या दिवशी नायिकेला वेळ नव्हता, म्हणून बारकीच्याच डोक्याभोवती पट्ट्या गुंडाळून तो घेतला. त्यामुळे मी बसतो तो फक्त तिलाच नीट. आतलं अस्तर शिवलं तिच्या आईने, आक्काने. आक्का घरी शिवणकाम करते. तिने चार बोटं जाड कापूस भरला आणि विचारलं, 'पोरीला टोचणार नाही ना कुठं?'

तेव्हा माझ्या तोंडाला काळी काच होती. बाहेरून आतलं काही दिसत नसे. आणि डाव्या कानाखाली एक खटका होता. मावशीचा नियमच होता की डोक्यावर घालायची कुठलीही वस्तू घालणाऱ्याला स्वतःच्या हाताने काढता आली पाहिजे, शोभा नंतर. बारकी शॉट संपताच डावा हात वर न्यायची, अंगठ्याने खटका दाबायची आणि मी सुटायचो. चार-पाचशे वेळा तरी तिने तो दाबला असेल. पुढेपुढे ती बोलत बोलत, दुसरीकडे बघत मला काढायची.

पहिला सिनेमा रखडत रखडत पाच वर्षांनी पुरा झाला, पण तुफान चालला. पोस्टरवर मीच होतो, माझ्याखाली बारकीचं अंग होतं आणि त्याखाली नायिकेचं नाव होतं. बारकीने ते पोस्टर घरात लावलं. आक्काने बघितलं आणि म्हणाली, 'यात तू कुठं आहेस?' बारकी म्हणाली, 'सगळी मीच आहे, आई. फक्त दिसत नाही.'

मग दुसऱ्या भागाची हाक आली. एक गोष्ट मी पाहून ठेवली आहे. पहिल्या भागात माणसं गोष्ट सांगतात, दुसऱ्या भागात ती मोठी करून सांगतात. पहिल्यात एक चंद्र होता, इथे दोन आले. पहिल्यात अंधारं यान होतं, इथे काचेच्या हजारो पट्ट्यांची भिंत असलेला किल्ला आणि त्यावर येणारं लाल वादळ. दिग्दर्शक चांगला माणूस, पण त्याच्या डोळ्यांना भूक फार. तो म्हणायचा, प्रत्येक चौकट भिंतीवर लावावीशी वाटली पाहिजे.

आधीच्या नायिकेने दुसरीकडे काम घेतलं. नवीन शोधायला निघाले तेव्हा कुणीतरी दिग्दर्शकाला म्हणालं की लोकांच्या लक्षात राहिली आहे ती त्या बाईची चाल, आणि ती चाल बारकीची आहे. त्याने बारकीला बोलावलं, चालायला लावलं, चार वाक्यं म्हणून घेतली आणि भूमिका तिला दिली. पाच वर्षं काळ्या काचेमागे काढलेल्या पोरीला चेहरा मिळाला. आक्का मशिनवर बसली होती. बातमी ऐकून तिने हातातली शिवण पुरी केली. मग दोरा तोडून म्हणाली, 'आता तोंड दिसेल ना एकदाचं?'

त्या तोंडासाठी माझी चिरफाड झाली. काळी काच गेली, मोठी स्वच्छ काच आली. काच म्हणजे खरी काच नव्हे, प्लास्टिकचीच, पण म्हणायची काच. तिच्या कडेने आतून मोहरीएवढे दिवे बसवले, म्हणजे चेहरा उजळून दिसावा. वादळात लाल भुकटी आत जाऊ नये म्हणून गळ्याशी रबराची घट्ट कडी आली. हवेसाठी पाठीवर एक पेटी, तिच्यात छोटा पंखा आणि गाळणी, आणि तिथून माझ्यात येणारी नळी.

आणि माझा खटका. दिग्दर्शक म्हणाला, बाजूने जेवणाच्या डब्याची कडी लावल्यासारखं दिसतंय, हे मागे न्या. मावशीने नाही म्हटलं. तीन दिवस वाद झाला. शेवटी ती नमली, आणि आजही त्या दिवसाबद्दल ती स्वतःला माफ करत नाही. खटका माझ्या मानेमागे गेला. बारकीचा हात तिथे पोचत नसे, दुसऱ्याने उघडावं लागे. डाव्या कानाखालची खाच मावशीने लांबी भरून बुजवली, घासली, रंगवली. हात फिरवला तरी कळणार नाही असं काम केलं तिने. काम चांगलं करायची खोड, दुसरं काय.

पण तिने दोन अटी घातल्या. एक, मी डोक्यावर असताना ती स्वतः दहा पावलांवर उभी राहणार. दोन, खूण. बारकीने दोन्ही तळवे माझ्या दोन्ही बाजूंवर तीनदा आपटले की जिथे असेल तिथे काम थांबायचं. ही खूण तिने युनिटमधल्या एकूण एक माणसाकडून करून घेतली. जाडजूड लाइटवाले स्वतःच्या डोक्यावर थापा मारताना बघून बारकी हसून हसून खाली बसली होती.

पंख्याचा आवाज ही साउंडवाल्याची डोकेदुखी. तो म्हणायचा, पोरगी बोलतेय का पिठाची गिरणी चालू आहे ते कळत नाही. म्हणून संवाद चालू असताना पंखा बंद करायचं ठरलं. रिमोट त्याच्या हातात. बोलणं सुरू झालं की बंद, 'कट' ऐकलं की चालू. मावशीने आधी मला स्वतःच्या डोक्यावर चढवून, पंखा बंद करून, घड्याळ लावून पाहिलं. मिनिटभर काही नाही. दीड मिनिटाला डोकं जड झालं. तिने साउंडवाल्याला सांगितलं, एका मिनिटावर जाऊ नकोस. तो सरळ माणूस. हो म्हणाला, आणि दोन महिने त्याने ते पाळलं.

आता तो दिवस.

लाल वादळाचं शूटिंग. प्रचंड शेड, आत काचेचा किल्ला, छताला टांगलेल्या जाळ्यांत पोत्यापोत्याने लाल भुकटी. प्रसंग असा की बाईची हवा संपत आली आहे, ती भिंतीला टेकून शेवटचा निरोप बोलते, मागे सगळी भिंत कोसळते. भिंत एकच. एकदा पडली की पडली. म्हणजे शॉट एकदाच.

सकाळच्या तालमीत बारकीने सवयीने खूण करून पाहिली. दोन हात माझ्या दोन बाजूंना, आतून दिवे, तिचा उजळलेला चेहरा, मागे लाल उजेड. दिग्दर्शक पडद्याकडे बघत होता. तो उठून उभाच राहिला. म्हणाला, हे काय होतं, हे परत कर. तिने केलं. म्हणाला, हेच हवंय, हे सीनमध्ये घे, तिची हवा संपते तेव्हा ती असंच करेल.

सगळे खूश झाले. कॅमेरामन खूश, बारकीही खूश. मी मात्र खूश नव्हतो. कारण थांबवायची खूणच आता अभिनयाचा भाग झाली होती.

मावशीच्या ते लगेच लक्षात आलं. ती दिग्दर्शकाच्या असिस्टंटकडे गेली आणि म्हणाली, दुसरी खूण ठरवा. तो म्हणाला, ठरवतो. त्याला वाटलं साउंडवाला आणि बारकी ठरवतील, कारण पंखा त्यांचा. साउंडवाल्याला वाटलं असिस्टंट सांगेल. बारकीला वाटलं, आपल्याला कळवतीलच. तासाभराने मावशीने पुन्हा विचारलं, 'खूण झाली का?'

'हो, झालं,' असिस्टंट म्हणाला.

सिनेमाच्या लोकांचं हे 'झालं' मी फार ऐकलंय. खिळा ठोकला का, झालं. दिवा बांधला का, झालं. न झालेलंही झालंच असतं, कारण 'थांबा' म्हणणारा माणूस म्हणजे शॉट अडवणारा, आणि तो शिक्का एकदा बसला की पुढच्या सिनेमाला फोन येत नाही. असिस्टंट खोटारडा नव्हता. त्याच्या हातातल्या कागदावर चाळीस गोष्टी होत्या आणि तो सगळ्यांना 'झालं' म्हणत चालला होता.

मला बारकीच्या डोक्यावर चढवलं. मावशीने मागचा खटका लावला, गळ्याची कडी चेपून पाहिली, काचेवरून फडकं फिरवलं. बारकी आतून हसली. मावशी दहा पावलं मागे गेली.

ॲक्शन.

पंखा थांबला. माझ्या आत एकदम शांतता झाली, फक्त तिचा श्वास. ती बोलायला लागली. फार छान बोलली. वरून भुकटी सुटली, मोठे पंखे घोंघावले. निरोप संपला. तिने दोन्ही हात उचलले आणि माझ्यावर तीनदा आपटले. तो अभिनय होता. मला कळत होतं, कारण तिचा श्वास अजून ठीक होता. मग भिंत कोसळली.

इथे 'कट' व्हायचं होतं.

पण त्या काचेच्या पट्ट्या पडताना लाल धुळीत असा काही उजेड फुटला की दिग्दर्शकाच्या तोंडून शब्द निघेना. ठरवून कधी मिळाला नसता असा उजेड. त्याने हात वर धरला, चालू ठेवा. एक मिनिट होऊन गेलं होतं. साउंडवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. तो वर धरलेला हात दिसला आणि याने रिमोटवरचं बोट काढून घेतलं.

बारकी भिंतीच्या ढिगाऱ्याला टेकून बसली होती, ठरल्याप्रमाणे. तिचा श्वास जलद झाला. काचेच्या खालच्या भागात वाफ धरली. मी तिला काय देणार? माझ्यात होती नव्हती ती हवा तिनेच दोनदा, तीनदा वापरली होती. दीड मिनिट. तिने पुन्हा हात उचलले आणि माझ्यावर तीनदा आपटले. हा अभिनय नव्हता. पण मावशी नव्या खुणेची वाट बघत होती, आणि मोठ्या पंख्यांच्या आवाजात माझा पंखा बंदच आहे हे तिलाही कळत नव्हतं.

शेडमध्ये शंभर माणसं होती आणि शंभरही जण श्वास रोखून तिच्याकडे बघत होती. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, काय करतेय पोरगी. कौतुकाने म्हणालं. साउंडवाल्याच्या कानात तिचा घरघरणारा श्वास सरळ जात होता, आणि त्याने डोळे मिटून घेतले होते, गाणं ऐकावं तसे. तिने तिसऱ्यांदा हात आपटले. आता जोर नव्हता. तिने ओरडायचा प्रयत्न केला, तर तेही सीनमध्ये बसलं.

दोन मिनिटं झाली.

मग तिचा डावा हात वर आला. माझ्या डाव्या कानाखाली. अंगठा तिथे दाबू लागला, सरकला, पुन्हा दाबू लागला. नखाने खरवडू लागला. ती खटका शोधत होती. पाच वर्षं जो तिथे होता तो. तिचं डोकं चालेनासं झालं होतं, पण हाताला आठवत होतं. आणि तिथे होता गुळगुळीत, रंगवलेला मी. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

त्या शंभर माणसांत त्या अंगठ्याचा अर्थ एकाच माणसाला कळला.

मावशी धावली. साडीचा पदर खोचलेला, पायात चपला, सरळ कॅमेऱ्यासमोरून, त्या लाल धुळीतून. मागून कुणीतरी ओरडलं, फ्रेममध्ये कोण घुसलं. ती बारकीपाशी गुडघ्यावर पडली. मानेमागचा खटका ढिगाऱ्यात दबला होता, तिला ओढून वळवेपर्यंत वेळ गेला असता. मावशीने कमरेचा मोठा पेचकस काढला आणि त्याची मूठ माझ्या हनुवटीशी, जिथे काच तिने स्वतः चिकटवली होती त्या सांध्यावर घातली. पहिल्या घावाला तडा गेला. दुसऱ्या घावाला तुकडा सुटला. मग पेचकस टाकून तिने दोन्ही हातांनी काच ओढली. तिचे तळवे कापले. मला दुखलं का? हो, दुखलं. पण तो घाव मी सुखाने घेतला.

बारकीने श्वास घेतला. मोठा, फाटलेला, खोकल्याने भरलेला. असा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

शेडमध्ये कुणी हलेना. मोठे पंखे घोंघावत होते. मावशीने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि दिग्दर्शकाकडे मान वळवली.

'सर,' ती म्हणाली, 'आता तरी कट म्हणा.'

डॉक्टर आले, बारकी संध्याकाळपर्यंत ठीक झाली. दिग्दर्शक सेटच्या पायरीवर बराच वेळ बसून होता. असिस्टंट कुणाच्या नजरेला नजर देईना. साउंडवाला मावशीपाशी आला, त्याने रिमोट तिच्या हातात ठेवला आणि गेला. घरी आक्काला सांगितलं की हेल्मेट पडलं, काच फुटली, उचलताना मावशीचे हात कापले. आक्काने बहिणीच्या हातांना हळद लावली आणि वेंधळी म्हणून चार शब्द सुनावले. मावशीने ते ऐकून घेतले.

महिन्याभराने एडिटिंगच्या खोलीत आम्हाला बोलावलं. नवीन काच बसवून काही पुन्हा चित्रित करता येईल का हे बघायला मावशीने मलाही नेलं होतं. खोली छोटी, थंडगार, पडदे ओढलेले. दिग्दर्शकाने बारकीला आधीच सांगितलं की तू नको म्हणालीस तर हा शॉट घेणार नाही. मग त्याने तो शॉट लावला.

मी तो पहिल्यांदाच बाहेरून पाहिला. खोटं कशाला बोलू, डोळे दिपले. लाल धुळीतून येणारा तो उजेड, काचेमागे बारकीचा चेहरा, वाफेत पुसट होत जाणारा. मावशी चौकटीत येते त्याच्या क्षणभर आधी दिग्दर्शकाने चित्र थांबवलं. पडद्यावर भिंतभर बारकी.

एडिटर म्हणाला, एवढ्या एका शॉटवर हिचं आयुष्य बदलेल. दिग्दर्शक म्हणाला, असा चेहरा मी पडद्यावर पाहिलेला नाही, पण निर्णय तुझा. दोघंही खरंच बोलत होते. बारकीने तो शॉट पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदाही पाहिला. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो चेहरा समोर होता. मावशी खाली मान घालून माझ्या तुटक्या कडेवरून बोट फिरवत होती. 

'आईला माझं खरं रडणं आणि नाटकाचं रडणं लहानपणापासून वेगळं कळतं,' बारकी म्हणाली. 'पहिल्या शोला ती मधल्या रांगेत बसणार आहे. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवतील, आणि तिला एकटीला कळेल की मी मरत होते.'

दिग्दर्शकाने पडद्यावरचं चित्र बंद केलं. मग म्हणाला, 'दुसरा कॅमेरा काचेच्या भिंतीपलीकडे, मागे होता. त्यात फक्त हेल्मेटची पाठ आहे. तुझा चेहरा नाही.'

'माहीत आहे,' ती म्हणाली. 'तेच घ्या.'

सिनेमा लागला, चालला. लोकांनी दोन चंद्रांचं, काचेच्या किल्ल्याचं, रंगांचं तोंड भरून कौतुक केलं. फक्त एका ठिकाणी सगळ्यांनी नाक मुरडलं. एका जाणत्या समीक्षकाने लिहिलं की ऐन वादळात नायिका पाठमोरी दाखवून दिग्दर्शकाने हातातला घास घालवला. मावशीने ते कात्रण कापून माझ्या शेजारी, भिंतीला चिकटवलं आहे. आता ती कुणासाठीही हेल्मेट घडवते तेव्हा खटका डाव्या कानाखाली ठेवते, आणि दिग्दर्शक कितीही मोठा असला तरी ऐकत नाही. मला मात्र तिने दुरुस्त केलं नाही. नवी काच आणून ठेवली होती, ती तशीच गुंडाळलेली आहे.

पहिला शो सुटल्यावर आक्का पोरीला घेऊन थेट इथेच, कारखान्यात आली होती. ती फार आनंदात होती. शेजारणी काय म्हणाल्या, कुणी फोटो काढला, सगळं तिने मावशीला सांगितलं. खुर्चीवर बसून ती पाणी प्यायली आणि बारकीला म्हणाली, 'सगळं छान झालंय गं. पण त्या वादळात तुझं तोंड का नाही दाखवलं?'

मावशी पाठ करून काहीतरी घासत होती. तिचे हात थांबले.

'राहून गेलं, आई,' बारकी म्हणाली.

तुम्हीही कधीतरी तो सिनेमा पाहाल. वादळ येईल, भिंत कोसळेल, आणि पडद्यावर नुसती माझी पाठ बघून तुम्हीही चुकचुकाल. खुशाल चुकचुका, मला राग नाही. फक्त तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बोटाला सुईचे व्रण असलेली एक बाई बसली असेल, तर हे तिला सांगू नका.